घड्याळ पुढे गेलं, टॅको जागचा हलला नाही

प्रश्न सांगलीकडच्या एका ड्रायव्हरचा आहे. नोव्हेंबरपासून ते इंग्लंडमध्ये क्लास वन, म्हणजे ट्रेलरचा मोठा ट्रक, चालवतात, नॉर्थॅम्प्टनजवळच्या डेपोतून रात्रीचं ट्रंकिंग, म्हणजे डेपो ते डेपो मालवाहतूक, करतात. २८ मार्च २०२६, शनिवार. संध्याकाळी ७ वाजता ड्युटी सुरू केली, रविवारी पहाटे ५:१० ला गाडी यार्डात लावली आणि गेटवरच्या मशीनवर पंच केलं. टॅकोचं, म्हणजे चालवण्या-विश्रांतीच्या वेळा नोंदवणाऱ्या गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्राचं, प्रिंटआउट काढलं तर त्यावर शेवट ४:१०. पूर्ण एक तासाचा फरक. त्यांना वाटतंय टॅको बिघडला. त्यांचा एक सहकारी त्याच रात्री ८ ला गाडी लावून केबिनमध्ये झोपला आणि पहाटे ५ ला निघाला. नऊ तास बोटांवर मोजून निघाला होता, तरी त्याला इन्फ्रिंजमेंटचं, म्हणजे नियमभंगाचं, पत्र आलं. त्यामुळे यांची झोप उडाली आहे. टॅकोची वेळ बदलायची कशी आणि टाइमशीटवर तास कोणते लिहायचे, असं विचारतात.

मी मिडलंड्समध्ये ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहे. २००९ पासून याच धंद्यात आहे आणि मार्च-ऑक्टोबरचे शेवटचे रविवार आले की दरवर्षी हाच गोंधळ निस्तरते. आधी थोडक्यात सांगते. टॅको बरोबर आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या मित्राचं मात्र चुकलं आहे, आणि ते पत्र योग्य आहे.

‘घड्याळ बदललं की तास कसे लिहायचे’ असा प्रश्न तुम्ही विचारला आहे, पण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही नोव्हेंबरात सुरुवात केलीत. त्या वेळी ब्रिटनमध्ये जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची हिवाळी वेळ, चालू असते. डिजिटल टॅको चालतो यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर. रोजच्या व्यवहारात जीएमटी आणि यूटीसी एकच, म्हणून पाच महिने तुमचं मनगटी घड्याळ, डेपोचं मशीन आणि प्रिंटआउट मिनिटामिनिटाला जुळत राहिलं. तुमची समजूत झाली की टॅको ब्रिटनची वेळ दाखवतो. तो ब्रिटनची वेळ कधीच नोंदवत नव्हता. हिवाळाभर दोन्ही वेळा योगायोगानं एकच होत्या, इतकंच. २९ मार्चला पहाटे १ वाजता सगळ्या देशाचं घड्याळ एकदम २ वर गेलं, ब्रिटिश समर टाइम म्हणजे बीएसटी सुरू झाली, आणि टॅको होता तिथेच राहिला. एप्रिलमध्ये सुरुवात करणारे ड्रायव्हर या बाबतीत सुदैवी. त्यांना पहिल्या दिवसापासून फरक दिसतो, ते पहिल्याच आठवड्यात विचारतात.

आता तुमची शिफ्ट मोजू. सुरुवात ७ वाजता, तेव्हा जीएमटी होती, म्हणजे यूटीसीनं १९:००. शेवट ५:१०, तेव्हा बीएसटी, म्हणजे यूटीसीनं ४:१०. मधले तास ९ तास १० मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळावरून मोजले तर १० तास १० मिनिटं येतात, पण त्यातला एक तास कुणी जगलंच नाही. तुम्ही नाही, राजानंही नाही.

तुम्हा-आम्हाला एक सोय आहे, ती इथल्या ड्रायव्हरांना नाही. भारताचं घड्याळ कधी बदलत नाही, ते वर्षभर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असतं. फोनवर घरचं घड्याळ ठेवलेलं असेलच. तुम्ही गाडी लावली तेव्हा सांगलीत सकाळचे ९:४० झाले होते. साडेपाच तास वजा करा, ४:१०. प्रिंटआउटशी तंतोतंत. शंका आली की घरी किती वाजले ते बघायचं. हिवाळा असो वा उन्हाळा, हे गणित फसत नाही. घरच्यांना मात्र उलटा अनुभव येतो: त्यांना वाटतं आपला पोरगा मार्चपासून एक तास लवकर फोन करायला लागला.

मित्राचं काय झालं ते आता लक्षात येईल. रात्री ८ जीएमटी म्हणजे यूटीसी २०:००. पहाटे ५ बीएसटी म्हणजे यूटीसी ४:००. झोप आठ तासांची झाली. डेली रेस्ट नियमानं ११ तासांची, आणि दोन वीकली रेस्टच्या मधे तीन वेळा ती ९ तासांवर आणता येते. नऊच्या खाली गेलं की इन्फ्रिंजमेंट. त्यानं ११ तास धरून सकाळी ७ ला निघायचं ठरवलं असतं तर प्रत्यक्षात १० तास झाले असते आणि ती रिड्यूस्ड रेस्ट म्हणून खपून गेली असती. तीनपैकी एक कमी झाली असती, बस. पण त्यानं आधीच कमीत कमी धरलं होतं, त्यात सरकारनं एक तास काढून घेतला. ड्रायव्हरच्या तासांच्या नियमांतल्या आर्टिकल १२ ची सवलत इथे चालेल का, असं काहीजण विचारतात. ती सवलत सुरक्षित थांब्यापर्यंत पोचायला आहे, घड्याळ विसरायला नाही. त्यानं प्रिंटआउटच्या मागे जे झालं ते खरं लिहावं, ऑफिसनं त्याच्याशी बोलून ती नोंद सहीनिशी फाइल करावी. एका वेळच्या एका तासानं आभाळ कोसळत नाही. पण दरवर्षी मार्चमध्ये त्याच डेपोत तेच सापडलं, तर डीव्हीएसए या वाहनं आणि ड्रायव्हर तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा माणूस ड्रायव्हरला सोडून माझ्यासारखीला प्रश्न विचारतो, आणि ते बरोबरच आहे. शनिवारच्या रोस्टरवर ‘आज एक तास कमी’ हे मोठ्या अक्षरात लिहिणं आमचं काम.

ऑक्टोबरमध्ये काटा उलटा फिरतो आणि धोकाही. यंदा २५ ऑक्टोबरला पहाटे २ चे पुन्हा १ वाजतील. झोपलेल्या माणसाला फायदाच, एक तास जादा मिळतो. त्या रात्री अडकतो तो जागा असलेला, म्हणजे तुम्ही. तुमची हीच शिफ्ट घ्या: शनिवारी संध्याकाळी ७ बीएसटी ते पहाटे ५:१० जीएमटी. घड्याळावर तेच १० तास १० मिनिटं. यूटीसीनं १८:०० ते ५:१०, म्हणजे ११ तास १० मिनिटं. ड्युटी सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत डेली रेस्ट पूर्ण व्हायला हवी, म्हणून ११ तासांची रेस्ट घ्यायची तर पसारा १३ तासांत आवरायचा. एरवी संध्याकाळी ७ ला सुरू केलं की सकाळी ८ पर्यंत वेळ असतो. त्या रात्री ७ पर्यंतच. आमच्याकडे एकदा एम६ मोटरवेवर अपघातामुळे तीन गाड्या अडकल्या होत्या, नेमक्या त्या रविवारी. दोघांनी माझ्याशी फोनवर बोलून सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्यावर, गाडी लावली. तिसरा म्हणाला, ‘अजून तास आहे माझ्याकडे.’ नव्हता.

साडेचार तास ड्रायव्हिंगनंतर ब्रेक घ्यायच्या नियमाचं मात्र मला फारसं भय वाटत नाही. रात्री ११ ला निघालात तर त्या रात्री ४५ मिनिटांचा ब्रेक २:३० ला यायला हवा, ३:३० ला नाही. पण टॅको स्वतः मिनिटं मोजतो आणि साडेचार तास भरायच्या पंधरा मिनिटं आधी ओरडतो. त्याच्यावर विश्वास ठेवा. डॅशबोर्डवरच्या घड्याळावर, मोबाइलवर, गेटवरच्या मशीनवर यासाठी विसंबू नका. त्यातलं काही आपोआप बदलतं, काही सोमवारी कुणीतरी येऊन बदलतो, आणि एखादं पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तसंच राहून पुन्हा आपसूक बरोबर होतं.

तुमचा दुसरा प्रश्न, टॅकोची वेळ बदलायची कशी. नोंदीची वेळ तुम्ही बदलू शकत नाही, आणि तेच चांगलं आहे. जुन्या डिजिटल यंत्रात ड्रायव्हरला घड्याळ सात दिवसांत फार तर एक मिनिट सरकवता येतं, ते मागे-पुढे झालेलं असेल तर नीट करायला. नवी स्मार्ट यंत्रं उपग्रहाकडून वेळ घेतात. मेनूमध्ये ‘लोकल टाइम’ म्हणून जे दिसतं, ते फक्त स्क्रीनवर दाखवायला. ते तुम्ही अर्ध्या-अर्ध्या तासानं सरकवू शकता, जरूर सरकवा, पण त्यानं ड्रायव्हरच्या कार्डवर, जिथे नोंदी साठतात तिथे, काहीच बदलत नाही. प्रिंटआउट काढाल तेव्हा पुन्हा यूटीसीच. ही योजना मुद्दाम केलेली आहे. गाडी डोव्हरहून कॅलेला उतरली की घड्याळ एक तास पुढे, तिथून रोमानियाला गेली की आणखी एक. प्रत्येक सीमेवर आणि वर्षातून दोनदा नोंद उडी मारायला लागली तर कुणाची झोप किती झाली हे कुणालाच सांगता येणार नाही. एक उपकार मात्र आहे: सगळा युरोपीय संघ आणि ब्रिटन घड्याळ एकाच क्षणी बदलतात, यूटीसीनं पहाटे १ ला. म्हणून कॅलेची गाडी त्या रात्री मधेच वेगळा हिशोब मागत नाही.

माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त माणसं बुडाली ती मॅन्युअल एंट्रीत, म्हणून तिथे जरा थांबते. कार्ड घातलं की यंत्र विचारतं, मधल्या वेळात काय केलं? पलंगाची खूण म्हणजे विश्रांती, दोन हातोड्यांची खूण म्हणजे दुसरं काम. इथे किती वाजले हे तुम्ही स्वतःच्या हातानं भरता. काही यंत्रं ही वेळ स्थानिक मागतात, जुनी यूटीसीत मागतात. कुठली कशात मागते हे यंत्राच्या वयावर आहे, मी इथे बसून सांगू शकत नाही. स्क्रीनवर यूटीसी लिहिलेलं आहे का ते बघा.

आमच्याकडचा एक ड्रायव्हर मे महिन्यात शनिवारी सकाळी ६ ते १० आमच्याच गोदामात फोर्कलिफ्टवर होता. मग थेट सोमवारी सकाळी ७ ला गाडीवर. शनिवारी १० ते सोमवारी ७, बरोबर ४५ तास, पूर्ण वीकली रेस्ट. सोमवारी कार्ड घालताना त्यानं फोर्कलिफ्टचे ६ ते १० तसेच भरले, आणि यंत्र यूटीसीत विचारत होतं. खरं तर भरायचे होते ५ ते ९. नोंदीत काम एक तास उशिरा संपलं, सोमवारची सुरुवात मात्र यंत्रानंच बरोबर ६:०० यूटीसी घेतली. झाले ४४ तास. ४५ च्या खाली म्हणजे रिड्यूस्ड वीकली रेस्ट, म्हणजे तुटलेला एक तास पुढच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दुसऱ्या एखाद्या मोठ्या विश्रांतीला जोडून भरून द्यायचा. तो दिला नाही, कारण असं काही देणं आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. वर पुढच्या आठवड्यात त्यानं खरोखरच रिड्यूस्ड रेस्ट घेतली. लागोपाठ दोन, ती वेगळी इन्फ्रिंजमेंट. एका तासाच्या आकड्यातून दोन पत्रं निघाली आणि माणूस घरी बायकोपोरांबरोबर पूर्ण ४५ तास होता! गोदामाच्या हजेरीपटाची प्रत जोडून, खुलासा लिहून आम्ही ते मिटवलं, पण त्यात माझी एक अख्खी दुपार गेली.

म्हणून आमच्याकडे रिवाज असा: टॅकोत किंवा प्रिंटआउटच्या मागे हातानं वेळ लिहिली की पुढे यूटीसी की स्थानिक ते लिहायचंच. ‘काम संपलं ९:००’ असं नुसतं लिहिलं तर दोन महिन्यांनी ते वाचणाऱ्याला, आणि तो वाचणारा बहुतेक मीच असते, काही कळत नाही. रस्त्यावर कार्डावरच्या चालू दिवसाबरोबर मागच्या कित्येक आठवड्यांच्या नोंदीही तपासल्या जातात. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर थांबवलेल्या गाडीच्या नोंदीत मार्चची ती रात्र अजून असते.

रात्रीच्या कामाचा एक बारकावा तुमच्यासाठी मुद्दाम. मालवाहू ट्रकांसाठी इथल्या वर्किंग टाइमच्या नियमांत रात्र म्हणजे १२ ते ४. त्यात काम पडलं की २४ तासांत कामाचे तास दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, कंपनीत वेगळा करार झालेला असेल तर गोष्ट निराळी. आता उन्हाळ्यात पहाटे सव्वाचारला सुरू करणाऱ्याची नोंद यूटीसीत ३:१५ दिसते. आमचं जुनं सॉफ्टवेअर हिशोब सरळ यूटीसीनं करायचं, त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबर त्या सगळ्या सकाळच्या ड्रायव्हरांवर रात्रपाळीचा शिक्का. ऑक्टोबर संपला की शिक्का गायब. दोन उन्हाळे आम्ही रोस्टर उगाच कापत होतो, मग एका नव्या मुलीनं सेटिंगमध्ये टाइम झोनची चौकट रिकामी असल्याचं दाखवलं. तुमच्या मार्चच्या शिफ्टला ही भीती नाही. घड्याळावर दहाच्या वर दिसलं तरी तास ९ तास १० मिनिटंच, आणि त्यातून ब्रेक वजा होतो. ऑक्टोबरच्या त्या रात्री मात्र ११ तास १० मिनिटांतून ब्रेक वजा करून काय उरतं ते आधी बघा.

जुन्या चकतीच्या टॅकोबद्दल दोन वाक्यं, कारण एखाद्या छोट्या मालकाकडे २००६ च्या आधीची गाडी अजून निघते. तिथे उलटं आहे: चकतीवर ज्या देशात गाडीची नोंदणी आहे त्या देशाची चालू वेळ असावी लागते, म्हणजे घड्याळ हातानं फिरवावंच लागतं. माझ्या पहिल्या नोकरीत असे दोन टिपर होते. ऑक्टोबरच्या रविवारी एकानं टॅको उघडून काटे तासभर मागे घेतले, चकतीही त्याबरोबर मागे फिरली, आणि मेणाच्या थरावर आधीच ओरखडलेल्या तासावर पुन्हा तोच तास ओरखडला गेला. भिंगातून पाहिलं तरी दोन रेषा वेगळ्या निघेनात. तेव्हापासून आम्ही वेळ फिरवली की नवी चकती घालायचो आणि दोन्हींच्या मागे कारण लिहायचो.

इथवरचं ध्यानात ठेवायचं तर इतकं: विश्रांती, ड्युटी, ड्रायव्हिंग यांची मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष गेलेला वेळ, आणि तो यूटीसीत मोजला की चुकत नाही. मार्चमध्ये त्या रात्री झोपणाऱ्यानं सांभाळायचं, ऑक्टोबरमध्ये चालवणाऱ्यानं.

राहिला पगार. यात मी तुम्हाला ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तुमच्या करारावर आहे. कुठे शिफ्टचे पैसे ठरलेले असतात, मग मार्चमध्ये तास कमी झाला तरी पूर्ण मिळतात आणि ऑक्टोबरमध्ये जास्त झाला तरी तेवढेच. कुठे तासावर असतात. तासावर असाल तर मार्चच्या त्या शिफ्टचे १० तास १० मिनिटं मागू नका, काम तेवढं झालेलं नाही. पण ऑक्टोबरच्या ११ तास १० मिनिटांवर पाणीही सोडू नका. पंचिंग मशीन ७ ते ५:१० वजा करून दहाच दाखवेल आणि पेरोलमधल्या माणसाला त्यात काही वावगं दिसणार नाही. एजन्सीमार्फत असाल तर हे आणखी सहज घडतं. त्या दिवशीचं प्रिंटआउट टाइमशीटला पिनेनं लावा, सुरुवात १८:००, शेवट ५:१० वर गोल करा. वाद घालावा लागत नाही.

आणि टाइमशीटवर वेळ कोणती लिहायची? आमच्याकडे स्थानिक, कारण पेरोल, गेट आणि ग्राहकाची डिलिव्हरी सगळं त्यावरच चालतं. फक्त त्या दोन रविवारी शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष तास वेगळे लिहितो आणि ‘घड्याळ बदल’ एवढे दोन शब्द. वर्किंग टाइमच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. कार्डावर ४:१० आणि टाइमशीटवर ५:१० असं खुलाशाशिवाय दिसलं की तपासणारा आधी फसवणुकीचाच विचार करतो. ते दोन शब्द दिसले की पान उलटतो. तुमच्या २९ मार्चच्या टाइमशीटवर ते लिहिलेलं नसेल तर आता लिहा, पण आजची तारीख घालून. मागच्या तारखेनं नको. आणि ५:१० खोडून ४:१० करू नका, दोन्ही आकडे खरे आहेत.